थोरलीचा तोल

सोमवार, ४

आज सकाळी धक्क्यावर गेले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पालिकेने थोरलीच्या कठड्याला पाटी लटकवली आहे : 'धोकादायक भंगार. जवळ जाऊ नये.' पाटीची तार ओवायला कोणा गाढवाने चक्क पितळी कठड्याला भोक पाडलं आहे. आणि भंगार कोणाला म्हणता? ज्याने ही पाटी रंगवली त्याची आई याच बोटीने वेळेवर दवाखान्यात पोचली असेल, म्हणून तो आज ब्रश धरायला जिवंत आहे. मी तार पिळून पाटी सोडवली आणि पिशवीत घालून घरी आणली.

मग तशीच पालिकेत गेले. साहेबांनी बसा म्हटलं नाही, पण मी बसले. पूल झाल्यापासून बोट कोणाला लागत नाही, धक्क्याची जागा मात्र अडते, महिनाअखेर भंगारवाला तिला घेऊन जाईल, असं त्यांनी फायलीला उद्देशून सांगितलं. मी विचारलं, तिच्याकडे माणसं न्यायचा दाखला असला तर? मग गोष्ट वेगळी, म्हणाले, रविवारच्या फेऱ्यांना परवानगी देऊ. हट्टी पोराची समजूत घालावी तसा सूर होता. मी म्हटलं, दाखला आणते. ते अर्ध्या तोंडाने हसले. अर्ध्या तोंडाने हसणाऱ्या माणसांचं आणि माझं आजवर कधी पटलेलं नाही.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. माझं सगळं ऐकून घेऊन तिने एवढंच विचारलं, "भंगारवाला तिला पाण्यातून नेतो, की इथेच कापतो?" काय पण प्रश्न.

गुरुवार, ७

मंडळ स्थापन झालं. आमच्या पुढच्या खोलीत सभा झाली. मी चिटणीस. अध्यक्ष म्हणून थोरलीचा जुना आगवाला, ज्याला सगळा धक्का मामा म्हणतो. जन्मभर बॉयलरमध्ये कोळसा ओतून त्याच्या भुवया जळल्या त्या परत आल्याच नाहीत, त्यामुळे तो कायम कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. सभेत तो तीन कप चहा प्यायला आणि माझ्या प्रत्येक ठरावाला "बाई म्हणतील तसं" म्हणाला. शेजारच्या बँकवाल्या बाई खजिनदार. त्या बँकेत होत्या म्हणून नव्हे, त्या स्वतःहून खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या म्हणून.

माहितीपत्रक लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आज एवढं लिहून झालं :

'पूल नव्हता तेव्हा या खाडीवर दोन आगबोटी होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटी मोडीत गेली. थोरली खास खाडीच्या तोंडावरच्या पाण्यासाठी बांधलेली, बसक्या तळाची आणि रुंद. वरच्या डेकवर गादीची बाकं, खालच्या डेकवर शेळ्या, सायकली, टपालाच्या थैल्या आणि रडणाऱ्या नववधू. डॉक्टर हिनेच आले, पहिली दाई हिनेच आली, आणि आमच्या कॉन्व्हेंटचा पियानोही हिनेच आला.'

पियानोची गोष्ट पत्रकात घेतली नाही. तो सामान नसून प्रार्थनेचं साधन आहे, म्हणून त्याला जादा वजनाचा आकार लागू नाही, असं मदर सुपीरियरनी मला बजावलं होतं. ज्यांनी मला सरळ बसायला आणि खरं बोलायला शिकवलं त्या बाईंना मी पावती फाडून दिली. माझं काम तेच होतं, सामान तपासनीस. धक्क्यावरच्या मोठ्या काट्यावर लोकांच्या ट्रंका चढवायच्या. "आत हलकेच कपडे आहेत हो बाई," असं म्हणणाऱ्या एकाही माणसावर मी कधी विश्वास ठेवला नाही, आणि एकदाही चुकले नाही.

दादा होता तेव्हा तो थोरलीचा कप्तान आणि मी तपासनीस. आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तरी ना त्याची ड्यूटी चुकली ना माझी. आमच्या घराला शिस्तच तशी होती.

मंगळवार, १२

बोटीचे सरकारी तपासनीस येऊन गेले. वाळक्या काडीसारखे आहेत, बोलतातही काडी मोडल्यासारखं. हातोडीने तळ ठोकून ठोकून ऐकत होते. बॉयलर बघायला खाली उतरले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. वर आले तेव्हा त्यांनी मामाला विचारलं, हे तेलपाणी कोण करतं? मामा डोकं खाजवायला लागला. बोट बंद पडल्यापासून हा माणूस रोज गुपचूप आत उतरून बॉयलर पुसत होता. परवानगीशिवाय! मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. नंतर वहिनीने त्याच्यासाठी डबा पाठवला, कशासाठी ते तिलाच माहीत.

तर तळ ठीक, बॉयलर ठीक. राहिली तोलाची परीक्षा. बोटीवरचं वजन एका बाजूला सरकवायचं आणि ती किती कलते ते मोजायचं. किती वजनाला किती कलली, यावरून कागदावर हिशेब होतो. जास्त कलली तर दाखला नाही.

वहिनीने रात्री जेवताना विचारलं, पलीकडे उतरलं की समोर काय दिसतं. मी म्हटलं, काय दिसायचंय, धक्का दिसतो. इतकी वर्षं दोन दोन डबे भरले हिने थोरलीवरच्या माणसांचे, आणि विचारते काय.

शनिवार, १६

परीक्षेसाठी लागणारी लोखंडी वजनं नाहीत. कुठे गेली? पुलाच्या डागडुजीला. म्हणजे पुलाने आमचे उतारू घेतले, आता वजनंही घेतली. ती पुढच्या महिन्यात येणार, तोवर थोरलीचे पत्रे कोणाच्या तरी गोदामावर चढलेले असतील.

तपासनीस म्हणाले, माणसं चालतील. मंडळातली, ओळखीपाळखीची, डेकभर माणसं आणा, आधी सगळ्यांना काट्यावर तोलू आणि मग या बाजूची त्या बाजूला उभी करू.

इथे मात्र मी उठून उभी राहिले. माझ्या यादीत तीन चतुर्थांश बायका आहेत, कारण पुरुष फक्त उद्घाटनाला येतात. या बायकांना भर धक्क्यावर, खलाशांसमोर, काट्यावर चढवणार? आम्ही काय बटाट्याची पोती आहोत? मी त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं की आमच्या मंडळात सभ्य, शिकलेल्या स्त्रिया आहेत, प्रत्येकीला आपलं वजन ठाऊक आहे आणि ती ते बोटीवर चढायच्या फळीपाशी तोंडी सांगेल. सभ्य माणसाचा शब्द पुरे व्हायला हवा. ते म्हणाले, नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियमात काट्याने तोललं पाहिजे असं लिहिलंय की वजन माहीत असलं पाहिजे असं? त्यांनी चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, जबाबदारी चिटणीसांची. अर्थात चिटणीसांची, दुसऱ्या कोणाची असते?

बँकवाल्या बाईंनी माझा हात घट्ट दाबला. स्त्रीजातीवर उपकार केलेत म्हणाल्या.

सोमवार, १८

दिवसभर दारोदार फिरले. शिवणाच्या क्लासातल्या सगळ्या येतात, बँकवाल्या बाईंची भिशी येते, आणि वाचनालयातल्या दोन बहिणी येतात, ज्या एरवी कुठेच येत नाहीत. वहिनी स्वतःहून म्हणाली, मी येते. मी म्हटलं, तुला कशाला, उन्हात उभं राहायचंय. ती म्हणाली, "वजन तर माझंही आहे ना, वन्सं."

बुधवार, २०

अक्षर वाईट येतंय. रागाने, दुसरं काही नाही.

सकाळी पाणी अगदी आरशासारखं होतं. खालच्या डेकवर तुळईला ओळंबा टांगला होता, त्याचा गोळा हलू नये म्हणून तेलाच्या बादलीत बुडवलेला. मागे मोजपट्टी. तपासनीस पट्टीपुढे उकिडवे बसले. फळीपाशी प्रत्येकजण आपलं वजन सांगून चढत होता. बँकवाल्या बाई पन्नास म्हणाल्या. त्यांच्यामागच्या बाईने हे ऐकलं आणि ती एकोणपन्नास म्हणाली. मीही सांगितलं. कॉन्व्हेंट सोडलं तेव्हापासून माझ्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही.

वहिनी फळीपाशी येऊन थांबलीच. आधी कुठला पाय टाकू, विचारत होती. मागे एवढी रांग. मी म्हटलं, जशी काही बोटीवर कधी चढलीच नाहीस. ती म्हणाली, "नाहीच चढले." मस्करी करायची ही वेळ नव्हती, मी तिला हाताला धरून वर ओढलं.

मग सगळे मधोमध. मग सगळे डाव्या बाजूला. मग उजव्या. बायकांना मजाच वाटत होती, शिवणाचा क्लास तर हसत हसत धावत होता. मी खाली उतरले तर तपासनीस पट्टीला नाक लावून बसले होते. त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. हिशेब केला, कागद माझ्यापुढे धरला. एवढ्याशा वजनाला एवढी कलणारी बोट माणसांसाठी धोक्याची आहे. दाखला देता येत नाही.

थोरली धोक्याची! वादळात पलीकडच्या धक्क्याला लागणारी ती एकटी होती. मी सांगितलं, तुमचा ओळंबा वाकडा असेल. ते म्हणाले, ओळंबा वाकडा असू शकत नाही. मी म्हटलं, मग तेल वाईट आहे. वारा होता. पट्टी उलटी लावली आहे. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, शनिवारपर्यंत मी इथे आहे.

मामा बॉयलरपाशी जाऊन बसला. त्याला हाक मारली तर बाहेर येईना.

गुरुवार, २१

सकाळी जेवण गेलं नाही. वहिनीने समोर बसून विचारलं, बँकवाल्या बाईंनी काल किती सांगितलं? मी म्हटलं, पन्नास. ती म्हणाली, "मी त्यांच्या शेजारी बसून गाडीतून बाजारात जाते. माझ्या वाट्याला सीटची कड येते." मग म्हणाली, शिवणाच्या बाईंनी पंचेचाळीस सांगितलं, तर त्यांनी स्वतःच्या ब्लाउजला कापड किती घेतलं ते तिला ठाऊक आहे.

मला अजून कळेना, हिला म्हणायचंय काय.

"थोरली जास्त कलत नाही, वन्सं," ती म्हणाली. "आपण जास्त आहोत."

मी ताट बाजूला सारलं. म्हणजे सगळ्याजणी खोटं बोलल्या! शिकलेल्या, सभ्य म्हणवणाऱ्या बायका! मंडळाच्या चिटणीसाला तोंडावर खोटं सांगितलं, तपासनिसांना खोटं सांगितलं, आणि बिचारी बोट सगळ्यांचं खरं वजन उचलून बदनाम झाली. माझा शब्द गेला तो वेगळाच. मी वहिनीला म्हटलं, माझा एकटीचा सोडला तर त्या यादीत एकही आकडा खरा नसेल. वहिनी पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. खोकत होती बहुतेक.

दुपारभर पुन्हा दारोदार. कोणी कबूल करेना. बँकवाल्या बाई म्हणाल्या, सकाळी उपाशीपोटी पन्नासच असतात.

शनिवार, २३

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

धक्क्यावरचा जुना काटा मामाने पुसून, तेल घालून उभा केला होता. तोच, ट्रंकांचा. तपासनीस कागद घेऊन शेजारी. बायका सगळ्या आल्या होत्या, पण काट्यापासून इतक्या दूर की जणू तो चावतो. खलाशी मुद्दाम दुसरीकडे बघत उभे. मी भाषण सुरू केलं. प्रामाणिकपणा, स्त्रियांची प्रतिष्ठा वगैरे. कोणी हललं नाही.

माझ्या भाषणाच्या मध्येच वहिनी चपला काढून काट्यावर चढली. जिचा आवाज आमच्या घरात कधी स्वयंपाकघराच्या बाहेर आला नाही, तिने आकडा वाचला तो समोरच्या दुकानांपर्यंत गेला. "त्र्याहत्तर," ती म्हणाली. "बुधवारी मी एकसष्ट सांगितलं होतं. लिहा."

मग वाचनालयाच्या बहिणी हातात हात घालून पुढे झाल्या. मग शिवणाचा क्लास, मग रांगच लागली. बँकवाल्या बाईंनी आधी पर्स खाली ठेवली, मग बांगड्या काढल्या, मग घड्याळ. मामा म्हणाला, दागिने बोटीवर घालून येणार असाल तर काट्यावरही घाला. एकेका आकड्याला टाळ्या पडायला लागल्या. बँकवाल्या बाईंच्या आकड्याला सगळ्यांत जास्त पडल्या, आणि त्या चक्क वाकून नमस्कार करत होत्या.

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझी गरज नाही, माझा आकडा बरोबर आहे. तपासनीस म्हणाले, चिटणीसबाई, चढा.

चढले. काटा फार जुना आहे. तेलही जरा जास्तच घातलं होतं त्याला. आकडा इथे लिहिण्याचं काही कारण नाही. मामाने तो पाहिला आणि भुवया नसलेल्या कपाळाला हात लावून अदबीने विचारलं, "बाई, जादा सामानाची पावती फाडू का?" अख्खा धक्का हसला. सरकारी तपासनीससुद्धा. मी मामाशी बोलणं सोडलं आहे.

मग पुन्हा बोटीवर. डावीकडे, उजवीकडे. ओळंबा तेवढाच सरकला जेवढा बुधवारी. पट्टी तीच, तेल तेच, फक्त बायका खऱ्या. तपासनिसांनी हिशेब केला, पुन्हा केला. उठून त्यांनी खांबाला हात लावला, घोड्याच्या मानेला लावतात तसा. म्हणाले, रुंद आहे. चांगली आहे. एवढ्या बोलण्यानेच त्यांना धाप लागल्यासारखं वाटलं.

दाखला मिळाला.

रविवार, २४

पालिकेच्या साहेबांच्या घरी जाऊन दाखला दाखवला. सुट्टी होती त्यांची. आज पूर्ण तोंड उघडं होतं.

येत्या रविवारी पहिल्या फेऱ्या. पूर्ण पत्रक पुन्हा लिहायला हवं. वहिनीला म्हटलं, वरच्या डेकवर तुझ्यासाठी गादीच्या बाकावर जागा धरते. पाहुण्यांच्या ओळीत. शेवटी कप्तानाची बायको आहेस. बोलता बोलता कळलं की ती फळीपाशी म्हणाली ते खरंच होतं. ही बाई जन्मात थोरलीवर बसलेली नव्हती. मी थक्क झाले. म्हटलं, दादाने कधी नेलं नाही? तर म्हणे, बोट ज्या दिवशी बंद त्याच दिवशी त्यांना सुट्टी असायची. मग बाकीच्या दिवशी जायचं होतंस, मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाकीच्या दिवशी सासूबाई होत्या ना."

हो, आई होती. पण म्हणून काय झालं? एक दिवस बोलायचं होतं, काहीतरी सोय झाली असती. काहीतरी. लोकांनी तोंड उघडून सांगितलं नाही तर दुसऱ्याला कळायचं कसं? मला याचा इतका संताप आला की मी पत्रकाची तीन पानं फाडून टाकली. पत्रकाचा काही दोष नव्हता.

रविवार, ३१

भंगारवाला आला होता. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. मामाने त्याला तिकीट काढायला लावलं आणि तो सहकुटुंब बोटीवर बसला.

धुराड्यातून पहिला धूर निघाला तेव्हा धक्क्यावर इतकी गर्दी होती की मला सगळ्यांना ओरडून दोन्ही बाजूंना वाटून उभं करावं लागलं. साहेबांच्या भाषणात माझं नाव दोनदा आलं, दोन्हीदा चुकीच्या जागी.

वहिनीसाठी बाकावर रुमाल टाकून ठेवला होता. ती तिथे बसलीच नाही. या वेळी पाय कुठला टाकायचा हे कोणाला न विचारता चढली आणि थेट सुकाणूच्या खोलीपाशी गेली. नव्या कप्तानाला विचारलं, दाराशी उभी राहू का. तो म्हणाला, काकू, आत या ना. अख्खी फेरी ती तिथे उभी होती, एका हाताने चौकट धरून. पलीकडे सगळे उतरले, फोटो निघाले, ती उतरली नाही. परत येताना दुसऱ्या कठड्याला गेली. जाताना समुद्राची बाजू बघितली, म्हणाली, आता येताना पुलाची बघते. इकडे पोचल्यावर मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, वन्सं. मी एवढी एक फेरी करून येते."

म्हणून मी घरी आले. संध्याकाळ झाली आहे. भात लावला, पाणी किती घालायचं ते विचारायचं राहिलं, त्यामुळे त्याची खीर झाली आहे. इतक्यात थोरलीचा भोंगा झाला. बोटीवर तो डोक्यावर आदळतो, बोलणं थांबवावं लागतं. इथून, या स्वयंपाकघरातून, मी तो कधी ऐकलाच नव्हता. भिंती ओलांडून हळूच येतो. पलीकडून निघाली, एवढंच सांगतो. मी उठून ताटं घेतली. दादा आणि मी दारात पाऊल टाकायचो तेव्हा ताटं वाढलेली असायची, नेहमी, आणि सगळं वाफाळतं. ते आपोआप होतं अशीच माझी समजूत होती.

धक्क्यावरून गल्ली चढून यायला लागतो तेवढा वेळ गेला. दारात कोणी नाही. मग पुन्हा भोंगा, या वेळी जवळून, इकडच्या धक्क्यावरून. म्हणजे बया परत गेली.

वाढलेलं सगळं पुन्हा भांड्यात ओतलं, झाकण दाणकन ठेवलं. माणसाने निदान वेळ सांगून जावं. खिडकी मात्र सताड उघडली आहे. पलीकडचा भोंगा नीट ऐकू आला पाहिजे, नाहीतर गरम करायला केव्हा ठेवायचं ते कळणार कसं?